कंबर का धरते?

मराठी माणूस कामाला लागायचा म्हणजे आधी कंबर कसतो. संकट आले की त्याचे कंबरडे मोडते, मित्र भला असला की तो पाठीशी उभा राहतो, आणि जो कोणापुढे वाकत नाही त्याचा कणा ताठ आहे असे आपण म्हणतो. भाषेने पाठीला आणि कंबरेला इतका मान दिला आहे. पण त्या दुखू लागेपर्यंत त्यांची विचारपूस आपण कधी करीत नाही. एकदा दुखू लागल्या म्हणजे मात्र विचारपूस करणारे इतके भेटतात की काही विचारू नका! एक म्हणतो पट्टा बांधा. दुसरा म्हणतो फळीवर निजा. तिसरा पायाळू माणसाचा पत्ता देतो. आणि चौथा मान हलवून सांगतो, "मणका सरकलाय. आता जड काम कायमचं बंद!"

या चौघांपैकी कोणाचे किती ऐकावे, याचा आज आपण थोडा विचार करू.

कंबरदुखी हा साऱ्या जगाचा विकार आहे. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना ती होती, असा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आहे. पण एवढ्या मोठ्या आकड्याने आपली कंबर काही आपल्याला कळणार नाही. तेव्हा उदाहरण जवळचे घेऊ, पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या कारखान्यांच्या पट्ट्याचे. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पुढे भोसरी, आकुर्डी, चिंचवड करीत कारखाने पसरत गेले. कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेले चाकण मोटारींचे गाव झाले. या पट्ट्यात आठ-आठ तास यंत्रापुढे उभा राहणारा कामगार आहे, फोर्कलिफ्ट चालवणारा आहे, पॅकिंगच्या टेबलावर वाकलेल्या भगिनी आहेत, बाजारात पोती वाहणारा हमाल आहे, आणि दिवसभर संगणकापुढे खुर्ची न सोडणारा कारकूनही आहे. कामे निराळी, पण संध्याकाळी प्रत्येकाचा हात कंबरेवर!

यांतल्या पुष्कळांची नोकरी कंत्राटी आहे. आज खाडा झाला तर आजचा पगार गेला, आणि चार खाडे झाले तर कदाचित नोकरीही गेली. म्हणून दुखणे लपवायचे, गोळी घ्यायची आणि पाळीला उभे राहायचे, असा क्रम चालतो. म्हणूनच कंबरदुखीचा प्रश्न नुसता औषधाचा नाही, तो भाकरीचाही आहे.

आता हा कणा आहे तरी कसा, ते पाहू. मानेत सात, छातीच्या मागे बारा आणि कंबरेत पाच असे चोवीस सुटे मणके एकावर एक रचलेले असतात. त्यांच्या खाली माकडहाडापर्यंत जुळून गेलेले मणके असतात. दोन मणक्यांमध्ये एक लवचिक चकती असते. तिलाच आपण गादी म्हणतो. बाहेरून चिवट कडे आणि आत मऊसर गर, अशी तिची घडण. मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो, बाजूंनी नसा बाहेर पडतात, आणि या साऱ्या डोलाऱ्याला मागून पाठीचे व पुढून पोटाचे स्नायू तोलून धरतात. तंबूचा खांब एकटा उभा राहत नाही, त्याला चोहोबाजूंनी ताण द्यावे लागतात, तसेच हे आहे.

"गादी सरकली" असे आपण सहज म्हणून जातो. पण गादी काही फडताळातल्या वहीसारखी सरकत नाही. करंजीची कड उकलून सारण बाहेर डोकावावे, तसे कड्याला चीर जाऊन आतला गर थोडा बाहेर येतो. तो नसेला टेकला तर कंबरेपासून पायापर्यंत कळ जाते. पण असे दर वेळी होत नाही. दर दहा कंबरदुख्यांपैकी सुमारे नऊंमध्ये कोणताही एक ठरावीक रोग दाखवता येत नाही. स्नायू, सांधे आणि त्यांना बांधणारे पट्टे थकलेले, आखडलेले, किंचित दुखावलेले असतात, इतकेच. दुखणे खरे असते, पण कणा मोडलेला नसतो. ही गोष्ट मनात पक्की ठसली तरी अर्धे भय जाते.

मग कंबर थकते कशाने? याचे उत्तर थोडे गणिताचे आहे, पण कठीण नाही. पहारेने दगड उचलताना आपण टेकू दगडाजवळ घेतो आणि हात लांब ठेवतो. म्हणून थोड्या जोराने मोठा दगड हलतो. कंबरेच्या बाबतीत ही पहार उलटी धरलेली असते. मणका हा टेकू. पाठीचे स्नायू त्याच्या मागे जेमतेम पाच सेंटिमीटरवर. आणि ओझे मात्र पुढे, हाताच्या टोकाला! वीस किलोचा ट्रे कंबरेपासून पन्नास सेंटिमीटर दूर धरला, तर त्याला तोलण्यासाठी स्नायूंना दहापट, म्हणजे दोनशे किलोंची ओढ द्यावी लागते. वाकलेल्या धडाचे वजन त्यात आणखी वेगळे. तोच ट्रे अंतर निम्मे करून पंचवीस सेंटिमीटरवर आणला, की ओढही निम्मी होते. ट्रे तोच, माणूस तोच. फरक फक्त एका वितीचा!

हे नुसते कागदी गणित नव्हे. १९६०च्या दशकात स्वीडनमध्ये अल्फ नॅकेमसन यांनी माणसांच्या गादीत सुई घालून आतला दाब मोजला होता. पुढे १९९९ साली जर्मनीत विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकावर तोच प्रयोग नव्या साधनांनी केला. सरळ उभे असताना जो दाब, त्याला एक धरू. आडवे झाल्यावर तो एक-पंचमांश झाला. वीस किलोचे ओझे पाठ गोल करून उचलले तेव्हा तो साडेचारपट झाला, गुडघे वाकवून उचलले तेव्हा जवळजवळ साडेतीनपट, आणि तेच ओझे अंगाशी कवटाळून उभे राहिले तेव्हा दुपटीहून थोडा अधिक. तेव्हा "गुडघ्यात वाका" हा उपदेश बरोबर आहे, पण अपुरा आहे. त्याच्या जोडीला "अंगाशी धरा" हे सांगायलाच हवे.

दुसरे कारण पुन्हापुन्हा करण्याचे. समजा, बारा किलोचा क्रेट तासाला चाळीस वेळा उचलायचा आहे. आठ तासांत तीनशे वीस वेळा झाले, म्हणजे तीन हजार आठशे चाळीस किलो! लहान मोटारीचे वजन एक हजार किलोंच्या आत-बाहेर असते. म्हणजे ज्या मोटारी बनवायच्या, त्यांतल्या जवळजवळ चार मोटारी हा माणूस दिवसाकाठी हातांनीच उचलून ठेवतो. एकाही वेळी ओझे जड वाटत नाही. म्हणून त्याला आश्चर्य वाटते की, "काही जड उचललं नाही, तरी कंबर का धरली?" उसण भरते ती कित्येकदा पेन्सिल उचलायला वाकल्यावर. पण दोष पेन्सिलीचा नसतो, खात्यावर साठत गेलेल्या बाकीचा असतो.

ओझे उचलताना त्यातच कंबर पिळणे हे तिसरे कारण. उजवीकडच्या पेटीतून घ्यायचे आणि पाय न हलवता डावीकडे ठेवायचे, ही सवय लाईनवर सर्रास दिसते. पाय हलवावेत. नाकासमोर पायांची बोटे असली, की कंबर पिळली जात नाही.

चौथे कारण एकाच जागी उभे राहण्याचे किंवा बसण्याचे. युगानुयुगे विटेवर उभे राहणे पांडुरंगाला जमते. आपल्याला अर्ध्या तासात कंबर आठवते. पण ती वीट आपल्याला निराळ्या रीतीने उपयोगी पडते. यंत्रापुढे पायांजवळ एक वीट किंवा बुटका लाकडी ठोकळा ठेवावा, आणि आलटून-पालटून एक एक पाय त्यावर टेकवावा. कंबरेचा बाक सैल होतो. घरी ओट्यापाशी पोळ्या लाटणाऱ्या भगिनींनीही हे करून पाहावे. बसणाऱ्यांनी अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावले टाकावीत. उत्तम आसन कोणते, असे विचाराल तर उत्तर एकच आहे, की दर थोड्या वेळाने बदललेले!

पाचवे कारण हादऱ्यांचे. फोर्कलिफ्ट आणि मालमोटार चालवणारांच्या कण्याला दिवसभर बारीक हादरे बसतात. तळेगाव-चाकण रस्त्यावरून रोज दुचाकीने येणारा-जाणारा कामगार पाळी सुरू होण्यापूर्वीच कंबरेचा हप्ता भरून बसलेला असतो. खड्डा दिसला की वेग कमी करावा, टायरमधली हवा बेताची ठेवावी, पाठीवरची जड पिशवी खांद्याला लोंबकळत न ठेवता सीटवर टेकवावी. कंपनीची बस मिळत असेल तर कंबरेच्या दृष्टीने ती अधिक चांगली.

सहावे कारण फारसे कोणाला ठाऊक नसते, ते म्हणजे सकाळचा पहिला तास. रात्री आडवे असताना गाद्या पाणी शोषून फुगतात. त्यामुळे सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरने अधिक असते! फुगलेल्या गादीला वाकणे अधिक जाचते. आणि पहिल्या पाळीच्या घरात नेमकी तेव्हाच धांदल. पहाटे उठायचे, पाणी आले म्हणून हंडे-कळश्या भरायच्या, वाकून केर काढायचा, बादल्या उचलायच्या. अमेरिकेतील स्टोव्हर स्नूक यांनी १९९८ साली दाखवून दिले की, जुनी कंबरदुखी असलेल्यांनी उठल्यावर पहिले दोन तास वाकणे टाळले, तर त्यांचे दुखण्याचे दिवस कमी होतात. तेव्हा पाणी रात्रीच भरून ठेवता आले तर पाहावे. नाही तर मोठ्या हंड्याऐवजी दोन्ही हातांत दोन लहान बादल्या घ्याव्यात. लांब दांड्याचा केरसुणा घ्यावा. आणि हे सारे घरातल्या एकाच बाईच्या कंबरेवर सोडू नये, हे पुरुषमंडळींनी मनावर घ्यावे.

सातवे कारण मनाचे. अमेरिकेतील एका विमान कारखान्यात ३०२० कामगारांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना आपले काम नकोसे वाटत होते, त्यांच्यात पाठदुखीची तक्रार करणारे अधिक निघाले. याचा अर्थ दुखणे खोटे, असा मुळीच नाही. काळजीने, अपुऱ्या झोपेने, अपमानाने स्नायू आवळून राहतात आणि दुखणे अधिक बोचते, असा आहे. धूम्रपान आणि वाढलेले पोट हेही या दुखण्याचे सोबती आहेत.

आता आपल्या चार सल्लागारांकडे वळू. पट्टा सांगणारा पहिला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली जुन्या कंबरदुखीसाठी ज्या सूचना प्रसिद्ध केल्या, त्यांत पट्टे व वजनांनी ओढ देणे या उपायांची नेहमीसाठी शिफारस करू नये असे म्हटले आहे. व्यायाम आणि दुखण्याची नीट समजूत यांना तिने पुढचे स्थान दिले आहे. फळी सांगणारा दुसरा. २००३ साली स्पेनमध्ये ३१३ रुग्णांवर प्रयोग झाला. त्यात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादी अधिक गुणकारी ठरली. फळी नको, झोळीसारखी खचलेली खाटही नको. कुशीवर निजताना गुडघ्यांमध्ये, उताणे निजताना गुडघ्यांखाली उशी घ्यावी. पायाळू माणसाचे काय? त्याची लाथ बसल्यावर बरे वाटते ते बहुधा अशासाठी, की उसण चार-आठ दिवसांत आपोआपच ओसरू लागते. पण दुखऱ्या कण्यावर लाथ खाण्याची जोखीम घेऊ नये.

चौथ्याचे बोलणे सर्वांत घातक. कारण ते माणसाला भिववून बसते करते. आजकाल लगेच एम.आर.आय. काढून कागद हातात घेतला जातो. पण ज्यांना काहीही दुखत नाही अशांचे फोटो काढले, तर विशीतल्या दर दहांपैकी तिघांची गादी फुगलेली दिसते, आणि वय वाढेल तसे हे प्रमाण वाढत जाते. केस पांढरे होतात तशा गाद्याही पिकतात. कागदावर गादी दिसली म्हणजे दुखणे तिचेच, असे नसते.

आणि सक्त विश्रांती? हेलसिंकी शहराच्या नोकरवर्गातील १८६ रुग्णांचे १९९५ साली तीन गट केले. एकाला दोन दिवस अंथरुणात ठेवले, दुसऱ्याला कंबरेचे ठरावीक व्यायाम दिले, तिसऱ्याला सांगितले की सोसवेल तेवढे रोजचे काम करीत राहा. सर्वांत लवकर सुधारला तो तिसरा गट! म्हणून उसण भरली तर पहिला दिवस-दोन दिवस वाकणे-उचलणे टाळावे, कळ फारच असेल तर घटकाभर आडवे व्हावे, पण अंथरूण धरू नये. घरातल्या घरात चालावे. गरम पाण्याच्या पिशवीचा किंवा मिठाच्या पुरचुंडीचा सोसवेल असा शेक घ्यावा. हलक्या हाताने तेल चोळायला हरकत नाही. दुखण्याची गोळी डॉक्टरांना विचारून थोडे दिवस घ्यावी. ओव्हरटाईमसाठी रोज उपाशीपोटी गोळी घेणे म्हणजे कंबरेचे कर्ज पोटाकडून आणि मूत्रपिंडाकडून फेडणे होय.

कळ ओसरली की व्यायाम. उताणे निजून एक एक गुडघा छातीशी घ्यावा. मग पाय दुमडून कंबर हळूच वर उचलावी व पाच आकडे मोजून खाली आणावी. पालथे निजून कोपरांवर छाती उचलावी. रांगण्याच्या पवित्र्यात मांजरीसारखी पाठ वर-खाली करावी. प्रत्येक प्रकार आठ-दहा वेळा, श्वास न रोखता. कळ पायात उतरू लागली तर तो प्रकार सोडावा. आणि सर्वांत सोपा व्यायाम चालण्याचा. २०२४ साली ऑस्ट्रेलियातील ७०१ माणसांच्या प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा-अर्धा तास चालण्याचा परिपाठ ज्यांना दिला, त्यांची कंबर पुन्हा धरेपर्यंत मध्यम हिशेबाने २०८ दिवस गेले, इतरांचे ११२. देहू-आळंदीच्या वाटेवर राहणाऱ्यांना चालण्याचा महिमा आणखी काय सांगावा?

पण वाचकहो, येथवर जे सांगितले ते सारे कामगाराने करायचे. तेवढ्याने भागत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. अमेरिकेतील सुमारे चार हजार टपाल कामगारांमध्ये ओझे उचलण्याच्या शिक्षणाचा मोठा प्रयोग झाला. १९९७ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. शिकलेल्यांच्या आणि न शिकलेल्यांच्या कंबरदुखीत फरक पडला नव्हता! क्रेट जमिनीवरच ठेवलेला असेल, तर कितीही शिकवा, माणूस वाकणारच. तेव्हा वाकणाऱ्याला दटावण्यापेक्षा क्रेट उचलून गुडघा आणि कंबर यांच्या मधल्या उंचीवर ठेवावा. रिकाम्या पॅलेटची चळत खाली घातली तरी हे काम होते. चाकांची ट्रॉली द्यावी. मोठ्या क्रेटऐवजी लहान करावा. दोन तासांनी कामाची जागा बदलून द्यावी. अमेरिकेतील कामगार-आरोग्य संस्थेच्या सूत्राप्रमाणे सगळी परिस्थिती अनुकूल असताना हाताने उचलायच्या ओझ्याची मर्यादा तेवीस किलो आहे. अंतर पन्नास सेंटिमीटर झाले की ती साडेअकरावर येते. लाईनवरच्या सुपरवायझरने एकदा हातात टेप घेऊन मोजून पाहावे.

ही मेहेरबानी नव्हे. इजा होईल इतके जड ओझे कोणाकडूनही उचलवून घेऊ नये आणि उभ्याने काम करणाऱ्याला बसण्याची सोय असावी, अशी कलमे १९४८च्या कारखाने कायद्यात होती; त्याच्या जागी आलेल्या आणि नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या संहितेतही बसण्याच्या सोयीची तरतूद आहे. एके काळी हमालाच्या पाठीवर क्विंटलभराचे पोते असे. ते पन्नास किलोंवर यावे म्हणून महाराष्ट्रातील हमालांच्या संघटनांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. त्यांची पाठ वाचली ती पट्ट्याने नव्हे, पोते लहान झाल्याने!

कामगार राज्य विमा योजनेत नाव असेल, तर कंत्राटी कामगारालाही तिचा हक्क आहे. अटी पूर्ण होत असल्यास डॉक्टरांच्या दाखल्यावर आजारपणाच्या दिवसांचे सत्तर टक्के वेतन, वर्षातून एक्क्याण्णव दिवसांपर्यंत मिळू शकते. चिंचवडला मोहननगरात या योजनेचे रुग्णालय आहे, आणि पिंपरीला महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. दुखणे लपवून नोकरी टिकत नाही. लपवलेले दुखणेच पुढे नोकरी घेऊन जाते.

शेवटी काही खुणा अशा, की ज्या दिसताच घरगुती उपाय सोडून डॉक्टर गाठावा. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, दोन्ही मांड्यांच्या आतला भाग व बैठक बधिर होणे, पाऊल लुळे पडून चप्पल निसटणे, यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालयात जावे. कंबरदुखीबरोबर ताप, रात्रीचा घाम, वजन घटणे ही लक्षणे असतील तर क्षय मणक्यांतही होतो हे विसरू नये. उंचावरून पडल्यानंतरचे दुखणे, उतारवयात किरकोळ धक्क्याने अचानक उठलेली कळ, पूर्वी कर्करोग झालेल्या माणसाची कंबरदुखी, यांचीही तपासणी लगेच हवी. तरुण माणसाची पाठ सकाळी तास-तासभर आखडलेली आणि चालल्या-फिरल्यावर मोकळी होत असेल, तर तो सांध्यांचा विकार असू शकतो, तोही दाखवावा. बाकीची बहुतेक दुखणी सहा आठवड्यांत पुष्कळ सुधारतात.

तेव्हा उद्या पाळीवर गेलात, की आधी आपल्या क्रेटकडे पाहा. तो पायाशी आहे की कंबरेशी? अंगापासून हातभर लांब आहे की वितीवर? पायाशी असला तर चार जणांनी मिळून सुपरवायझरसाहेबांना सांगा, "साहेब, हे एक वीतभर वर घ्यायचंय." कंबर कसायला आपण नेहमीच तयार असतो. ओझे वर आणायची तयारी मात्र कारखान्याने केली पाहिजे.